‘वयाच्या मानाने ठीक आहे’

भाऊबीजेला आम्ही सगळे काचीगुड्याच्या घरी जमतो. आजी तिथेच असते, त्यामुळे कोंडापूरहून पोचायला दीड तास लागला तरी माहेर म्हणजे आमच्यासाठी अजून तेच घर. यंदा ओवाळणीच्या सामानाबरोबर मी पिशवीत बीपीचं मशीनही टाकलं होतं. का, ते पुढे येईलच. जेवणं झाली, पुरुषमंडळी लवंडायच्या बेतात होती, तेवढ्यात मी बाबांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. पाच मिनिटांत त्याचा खेळ झाला. ‘आता माझं बघ, आता माझं’ करत सगळे रांगेत.

बाबा, वय ६६ : १५८/८४. दादा, ४० : १३८/९२. त्याची तेरा वर्षांची लेक गच्चीवरून धावत खाली आली आणि तशीच हात पुढे करून बसली : १३४/८०. आजी, ८७ : १२८/६८. मी, ३६ : १४६/९४. आई स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. तिचं बीपी मोजायचं राहिलंय हे आम्हाला संध्याकाळी आठवलं.

बाबांनी आपला आकडा ऐकून समाधानाने मान डोलावली. “शंभर अधिक वय. म्हणजे मला एकशे सहासष्टपर्यंत चालतं. वयाच्या मानाने ठीक आहे.”

काकांनी हात पुढे केला नव्हता. त्यांचा उजवा हात गेली नऊ वर्षं मांडीवरच असतो. ते हळूच म्हणाले, “अण्णा, मी पण हेच म्हणायचो.”

त्यानंतर खेळ थांबला.

काकांची गोष्ट आमच्या घरात फारशी बोलली जात नाही. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. बँकेत असताना पन्नाशीला त्यांचं बीपी १६०/१०० निघालं. गोळी सुरू झाली. तीन-चार वर्षं नेमाने घेतली, आकडा १२४/८० वर आला. मग त्यांनी विचार केला की आता तर नॉर्मल झालं, उगाच जन्मभराची सवय कशाला? गोळी बंद. त्रास काहीच होईना, म्हणून पुन्हा मोजलंही नाही. पंचावन्नाव्या वर्षी एका सकाळी आंघोळ करताना हातातून तांब्या निसटला. बाहेर आले तेव्हा बोलणं जड झालं होतं, तोंड एका बाजूला ओढल्यासारखं. घरच्यांना वाटलं अशक्तपणा आहे. साखरपाणी दिलं, झोपवलं. दवाखान्यात नेईपर्यंत दुपार झाली.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून अर्धांगवायू झाला असेल तर गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यानंतर ते बहुतेकांना देता येत नाही. तोंड वाकडं होणं, एक हात उचलता न येणं, जीभ अडखळणं, यांतलं काहीही एकदम झालं तर झोपवायचं नाही, १०८ ला फोन करायचा. ही १०८ ची सेवा २००५ साली आपल्याच शहरातून सुरू झाली. आणि त्या दिवशी आमच्या घरात ती कुणालाही आठवली नाही.

आपल्याकडे ‘त्यांना बीपी आहे’ असं म्हणतात. बीपी सगळ्यांनाच असतं, नसलं की संपलंच! पण त्या बोलण्यामुळे एक समज पक्का होतो, की बीपी हा सर्दी-पडशासारखा येणारा आणि गोळीने जाणारा आजार आहे. तसं नाही. काकांचं बीपी गोळी होती म्हणून १२४ होतं. चष्मा लावला की दिसतं, म्हणून कुणी चष्मा फेकून देत नाही.

आता बाबांच्या ‘शंभर अधिक वय’ या हिशेबाकडे येऊ. तो त्यांनी मनाने काढलेला नाही. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात भलेभले डॉक्टरही साधारण तसंच मानत. वय झालं की रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद होतात, मग रक्त पुढे ढकलायला दाब जास्त लागणारच, तो उतरवला तर उलट अपाय व्हायचा, असा त्यामागचा तर्क. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी बरीच वर्षं चढत गेलं. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, त्या दिवशी त्यांचं बीपी ३००/१९० नोंदलेलं आहे. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाची ही गत, कारण उपायही जवळपास नव्हते आणि घाईही कुणाला वाटत नव्हती.

१९४८ साली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावात हजारो धडधाकट माणसांना वर्षानुवर्षं तपासत राहण्याचा अभ्यास सुरू झाला. त्यातून आणि नंतरच्या अशा अनेक अभ्यासांतून चित्र पालटलं. २००२ साली जगभरातल्या सुमारे दहा लाख माणसांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या. ४० ते ६९ या वयात वरचा आकडा २० ने वाढला की अर्धांगवायूने किंवा हृदयविकाराने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि ही चढण १४० पासून नव्हे, ११५ पासूनच सुरू होते, असं त्यात दिसलं. म्हणजे बाबांचं १५८ आणि आजीचं १२८ यांत ‘वयाच्या मानाने’ कुणाचं ठीक, हा प्रश्नच उरत नाही.

आणि वय वाढलं की बीपी वाढायलाच हवं, असाही काही निसर्गनियम नाही. ब्राझीलच्या जंगलात राहणाऱ्या यानोमामी लोकांचं बीपी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मोजलं होतं. त्यांच्या आहारात मीठ जवळजवळ नाहीच. त्यांचं सरासरी बीपी ९६/६१ च्या आसपास, आणि वयाबरोबर ते चढत नव्हतं. आपण जंगलात राहायला जाणार नाही हे खरं. पण ‘वय झालं की होतंच’ म्हणताना त्यातलं किती वयाचं आणि किती लोणच्याचं, एवढं तरी विचारायला हवं.

मग ठीक म्हणजे किती? मोठ्या माणसासाठी १२०/८० च्या खाली उत्तम. आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर १४०/९० पासून उच्च रक्तदाब धरतात. अमेरिकेत २०१७ पासून ती रेषा १३०/८० वर आणली आहे. घरी शांतपणे मोजलेल्या आकड्यांची सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर ती दवाखान्यातल्या १४०/९० सारखीच समजायची. रेषा कुठे आखायची यावर तज्ज्ञांचा वाद चालू आहे आणि चालू राहील. पण कोणत्याही रेषेत ‘अधिक वय’ हे शब्द नाहीत. वयाप्रमाणे बदलतं ते बीपी चढण्याचं कारण, आणि त्याबद्दल काय करायचं ते.

लहान मुलांचं मात्र वेगळं असतं. नवजात बाळाचा वरचा आकडा सत्तरच्या आसपास, सहा-सात वर्षांच्या मुलाचा शंभरच्या आसपास. मुलाचं वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे पाहून तक्त्यावरून ठरवतात, त्यामुळे घरच्या मशीनवर तर्क करण्यात अर्थ नाही. बालरोगतज्ज्ञांना वर्षातून एकदा मोजायला सांगायचं, तीन वर्षांच्या पुढे. तेराव्या वर्षापासून मोठ्यांचेच आकडे लागू होतात. म्हणजे भाचीचं १३४ काळजीचं होतं का? नाही, कारण ती गच्चीवरून पळत आली होती. पाच मिनिटं गप्प बसवून पुन्हा घेतलं तर ११०/६८.

हे गप्प बसवणं महत्त्वाचं. आमच्या त्या भाऊबीजेच्या मापनात एकही गोष्ट नीट झाली नव्हती. सगळे बोलत होते, नुकताच चहा झाला होता, बाबांचा हात मांडीवर होता, दादा पाय दुमडून दिवाणावर. बोलत असताना आकडा सात-आठने चढू शकतो, लघवी तुंबलेली असली तरीही. हात मांडीवर ठेवला तर चार, खाली लोंबता ठेवला तर सहा-सात जास्त दाखवतो. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर. पाच मिनिटं शांत बसायचं. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. चहा-सिगारेट अर्धा तास आधी नाही. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो, लहान पट्ट्याने आकडा चढा येतो. मनगटावरची मशीनं मला तरी भरवशाची वाटली नाहीत. पहिल्यांदा दोन्ही हातांवर घ्यायचं आणि ज्यावर जास्त येतं तोच हात पुढे धरायचा.

मोजण्यावरून एक हैदराबादी गंमत सांगते. दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं यंत्र इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ साली काढलं, आणि स्टेथोस्कोपने ठोके ऐकून मोजायची रीत रशियाच्या कोरोत्कॉफ यांनी १९०५ साली. पण त्याही आधी, १८८९ साली, हैदराबादेत निजामाच्या खर्चाने क्लोरोफॉर्म कमिशन बसलं होतं. क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तो हृदय थांबून की श्वास थांबून, हे ठरवायला रेसिडेन्सी सर्जन लॉरी आणि लंडनहून आलेले लॉडर ब्रंटन यांनी शेकडो प्राण्यांवर प्रयोग केले, आणि त्यांच्या धमनीतल्या रक्ताच्या दाबाचे आलेख यंत्रावर काढले. त्यांचा निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. तरी सुलतान बाजारातून जाताना रेसिडेन्सीची इमारत दिसली की मला हे आठवतं.

आता माझ्याबद्दल.

माझ्या बाळंतपणात सदतिसाव्या आठवड्यात बीपी १५०/१०० झालं, लघवीत प्रोटीन सापडलं, आणि दुसऱ्या दिवशी सिझेरियन झालं. याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. गरोदरपणात खरं तर मधल्या महिन्यांत बीपी थोडं उतरतं. विसाव्या आठवड्यानंतर ते १४०/९० च्या वर गेलं, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, चेहरा-हात सुजले तर त्याच दिवशी दवाखाना. माझं आणि बाळाचं निभावलं. दीड महिन्याने बीपी उतरलं, गोळ्या बंद झाल्या, आणि विषय संपला असं मी समजले. मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही, की ज्या बाईला हा त्रास होऊन गेलाय तिला पुढे आयुष्यात उच्च रक्तदाबाचा आणि हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. तिने दरवर्षी बीपी मोजायलाच हवं. मी सहा वर्षं मोजलं नाही. कंपनीच्या वार्षिक तपासणीचा पीडीएफ यायचा, त्यात लाल अक्षरांत आकडा असायचा, आणि तो माझ्या मेलबॉक्समध्ये न उघडता पडून राहायचा. सप्टेंबरमध्ये डोळे तपासायला गेले तर डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाल्या, “तुम्हाला बीपी आहे का?” दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांवर खुणा दिसत होत्या. त्याच दिवशी मशीन घेतलं.

आपल्या पिढीशी मला बोलायचं आहे ते याच जागेवर. काकांच्या पिढीने गोळी सोडली. आपली पिढी मोजतच नाही. तिशीतल्या माणसाला बीपी कसलं, तो ताण असेल, कॉफी जास्त झाली असेल, रिलीज आटोपला की उतरेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१ च्या फेरीत, पंधरा वर्षांवरच्या लोकांत बीपी वाढलेलं असण्याचं किंवा त्यासाठी गोळी चालू असण्याचं प्रमाण देशात पुरुषांत २४ टक्के आणि बायकांत २१ टक्के निघालं. तेलंगणात ते पुरुषांत ३१ आणि बायकांत २६ आहे. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, हेही आता जुनं झालेलं ज्ञान आहे.

तरुणपणी चढणारं बीपी बहुधा खालच्या आकड्यात आधी दिसतं. दादाचं बघा, १३८/९२. त्याची रात्रपाळी आहे, अमेरिकेच्या वेळेप्रमाणे. झोपेत आपलं बीपी दहा ते वीस टक्के उतरतं, रक्तवाहिन्यांना तेवढीच विश्रांती. ती झोप रोज मोडली, की विश्रांती गेली. वहिनी म्हणते तो घोरतो, मध्येच श्वास अडकल्यासारखा होऊन दचकून उठतो. हे स्लीप ॲप्नियाचं लक्षण आहे आणि बीपी चढण्याचं नेहमीचं, पण दुर्लक्षित कारण. त्याला आता झोपेची तपासणी करायची आहे. तिशीच्या आत बीपी बरंच चढलेलं असेल तर मूत्रपिंड, थायरॉइड, किंवा मूत्रपिंडाची अरुंद झालेली रक्तवाहिनी यांपैकी काही कारण आहे का हेही डॉक्टर शोधतात. ‘ताण आहे’ म्हणून आपणच निकाल द्यायचा नाही.

तरुण मुलींसाठी आणखी एक गोष्ट. संततिनियमनाच्या काही गोळ्यांनी बीपी चढू शकतं, म्हणून सुरू करण्याआधी आणि नंतर मोजायला हवं. आणि टेल्मिसार्टन, एनालाप्रिल या जातीच्या बीपीच्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. चालू असतील तर मूल हवंय हे ठरवतानाच डॉक्टरांना सांगा, दिवस राहिल्यावर नाही.

बाबांच्या आकड्यात वरचा १५८ आणि खालचा ८४, दोन्हींत बरंच अंतर. साठीनंतर हे फार दिसतं. नवी रबरी नळी पाण्याचा झोत आला की फुगते, झोत सोसून घेते. उन्हात पडून कडक झालेली नळी फुगत नाही, झोत तसाच पुढे आदळतो. धमन्या कडक झाल्या की वरचा आकडा चढतो आणि खालचा हळूहळू उतरतो. म्हणून ‘खालचं तर नॉर्मल आहे ना’ या समाधानाला म्हातारपणी अर्थ नाही. बाबांच्या बाबतीत डॉक्टरांनी आणखी एक कारण पकडलं. गुडघ्यांसाठी ते सहा महिने दुकानातून आणून डायक्लोफेनॅक घेत होते. या वेदनाशामक गोळ्या बीपी चढवतात, आणि मूत्रपिंडावरही ताण आणतात.

आईचं त्या संध्याकाळी १४८/८६ निघालं. पाळी जाईपर्यंत बायकांचं बीपी पुरुषांपेक्षा बहुधा कमी राहतं, नंतर झपाट्याने बरोबरीला येतं आणि पुढेही जातं. घरातल्या सगळ्यांच्या गोळ्यांच्या वेळा जिला पाठ आहेत, तिचं स्वतःचं बीपी आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. यावर मी काही लिहीत नाही, तुमच्याही घरी बघा.

आजीची तऱ्हा उलटी. ऐंशीच्या पुढे बीपीवर औषध द्यावं की नाही याबद्दल डॉक्टर साशंक असायचे. २००८ साली ऐंशीच्या पुढच्या ३,८४५ माणसांवरच्या अभ्यासात औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले, तेव्हा तो प्रश्न बराचसा मिटला. त्या अभ्यासात लक्ष्य १५०/८० होतं. आजीचं बसून १२८, छानच. पण ती रात्री उठताना भिंत धरते हे वहिनीच्या लक्षात आलं होतं. उभं करून मोजलं तर १०२! उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर ती काळजीची गोष्ट. या वयात पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं हे अर्धांगवायूइतकंच घातक. डॉक्टरांनी तिच्या दोन गोळ्यांपैकी एक निम्मी केली. आता ती आधी पलंगाच्या कडेला बसते, पाय हलवते, मग उठते. “माझं वय झालं म्हणून कमी केली का गं गोळी?” असं तिने विचारलं. नाही आजी, तू उभी राहतेस म्हणून.

मिठाबद्दल सगळे सांगतात, म्हणून एक हिशेब तेवढा देते. जागतिक आरोग्य संघटना आणि आपल्या तार्नाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था, दोघांचंही म्हणणं एकच : माणशी रोज ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. भारतीय सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास आहे. पाच माणसांच्या घराला महिन्याला पाऊण किलो मीठ पुरायला हवं. तुमच्याकडे किलोचा पुडा किती दिवसांत संपतो ते बघा. आमच्याकडे अठरा दिवसांत संपत होता, आणि त्यात लोणची-पापड धरलेलेच नाहीत. शेजारच्या अत्तम्मांकडून दर उन्हाळ्यात येणाऱ्या आवकायची बरणी वेगळीच. आवकायमध्ये मोहरीची पूड, तिखट आणि मीठ परंपरेने सारख्याच मापाने पडतं. भात-तूप-आवकाय मी सोडणार नाही, खोटं कशाला बोलू? पण रोजचं ते रविवारपुरतं केलंय, आणि त्या दिवशी वरणात मीठ नाही.

सैंधव उपवासाला चालतं म्हणून बीपीलाही चालतं, असं आत्याचं म्हणणं. सैंधवही सोडियम क्लोराइडच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं, ते बऱ्याच जणांना उपयोगी आहे, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पाकिटावर सोडियमचा आकडा लिहिलेला असतो, त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. उस्मानिया बिस्किटांच्या पाकिटावर करून बघा एकदा.

काका गोळी सोडल्यावर काही दिवस ‘आयुर्वेदिक’ म्हणून सर्पगंधाच्या वड्या घेत होते, कुणीतरी दिलेल्या. सर्पगंधा थोतांड नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिचा बीपीवरचा परिणाम मांडला, जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं आणि १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. बीपीवरच्या पहिल्या परिणामकारक औषधांपैकी ते एक. पण त्याच रेसर्पिनने माणसं उदास होतात असं पुढे दिसत गेलं, आणि त्याहून निर्धोक औषधं आल्यावर ते मागे पडलं. मात्रा न मोजता, बीपी न मोजता घेतलेली वडी म्हणजे अंधारात जिना उतरणं.

आणि सगळ्याची सुरुवात आपल्याला वाटते त्याच्या बरीच आधी होते. १९८७ ते ९० या काळात हैदराबादजवळच्या २९ गावांत पोषण संस्थेने एक प्रयोग केला. काही गावांत गरोदर बायकांना आणि सहा वर्षांखालच्या मुलांना पूरक आहार मिळाला, काही गावांत ती योजना अजून पोचली नव्हती. ती मुलं तेरा ते अठरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. पूरक आहार मिळालेल्या गावांतली मुलं किंचित उंच होती, त्यांच्या धमन्या थोड्या कमी कडक होत्या, इन्शुलिनचं काम बरं चाललं होतं. बीपीत त्या वयाला फरक नव्हता. पण बाबांच्या साठीतल्या कडक नळीची गोष्ट पणजीच्या स्वयंपाकघरात सुरू झाली असेल, असं आता मला वाटतं. भाचीच्या डब्याकडे मी त्या नजरेने बघते.

खर्चाचं कारण तर कुणालाच देता येऊ नये. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ साली पहिल्या पाच राज्यांत सुरू झाला, त्यांत तेलंगणाही होतं आणि महाराष्ट्रही. ठरलेल्या दोन-तीन साध्या गोळ्या, ठरलेली पायरी, आणि सरकारी दवाखान्यात मोफत औषध. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी बस्ती दवाखान्यात महिन्याला बीपी मोजून गोळ्या आणतात. आमच्यापेक्षा नियमित आहेत त्या.

भाऊबीजेनंतर बाबांना मी एक वही दिली. सात दिवस, सकाळी गोळ्या आणि नाश्त्याच्या आधी दोनदा, रात्री दोनदा, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. १५१/८२ आली. ‘शंभर अधिक वय’च्या आतच आहे, असं त्यांनी एकदा म्हणून पाहिलं. पण वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. डायक्लोफेनॅक बंद, एक छोटी गोळी सुरू, उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात सकाळचं चालणं. माझी सरासरी १४१/९२ होती. माझीही गोळी सुरू झाली आहे, छत्तिसाव्या वर्षी. पहिल्या रात्री रडले, दुसऱ्या रात्री विसरले आणि सकाळी घेतली, आता दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवते. चार किलो वजन उतरलं आहे. साधारण किलोमागे एक आकडा उतरतो म्हणतात, माझ्या वहीतही तेवढंच दिसतंय.

काका रोज सकाळी साडेसातला मोजतात. एका हाताने पट्टा बांधता येत नाही, म्हणून शाळेत जायच्या आधी भाची त्यांना बांधून देते आणि आकडा फॅमिली ग्रुपवर टाकते. आज १२६/७८ होता. खाली बाबांनी अंगठा टाकलाय, आणि त्याखाली आईने, पहिल्यांदाच, स्वतःचा आकडा.